पाटीखालचा रंग

माझ्याकडे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणाचे, सात डबे आहेत. आणखी घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. या सातच डब्यांची सकाळी कोयना व्हावी आणि रात्री महालक्ष्मी, एवढीच माझी हौस. दोन्ही गाड्या मुंबई–कोल्हापूरच्या, एक दिवसाची, एक रात्रीची. लहानपणी साताऱ्याला मामाकडे जाताना फलाटावर उभं राहून मी आधी डब्यावरची पाटी वाचायचो, मगच आत चढायचो. त्यामुळे नाव नसलेली गाडी मला अजून गाडी वाटत नाही. पण डब्यावर एक नाव कायमचं रंगवलं की दुसऱ्याला वाव उरत नाही. म्हणून हवी तेव्हा लावता येतील आणि काढता येतील अशी चुंबकी अक्षरं करायचं ठरवलं.

डोक्यात फ्रिजवर चिकटवायची रोमन अक्षरं होती आणि पहिली चूक तिथेच झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या मॅग्नेट शीटमधून मी सहा मिलिमीटर उंचीची सुटी देवनागरी अक्षरं कापायला बसलो. देवनागरीला शिरोरेषा असते, हे लिहिताना कधी आठवावं लागत नाही, कापताना आठवतं. 'कोयना' लावलं की रेघ दोन ठिकाणी तुटायची, 'को'ची मात्रा कटरखाली उडून जायची. 'कोल्हापूर'मधला 'ल्हा' मी नऊ वेळा कापला. शिवाय खऱ्या डब्यावरचं वीतभर अक्षर या मापात सव्वादोन मिलिमीटरचं होतं, हा हिशेब मी आधी केलाच नव्हता. माझी अक्षरं खऱ्या गाडीवर हातभर उंच आणि चार सेंटिमीटरहून जाड भरली असती. तीन आठवडे त्यात गेले.

मग सुटी अक्षरं सोडून छापील पट्टीवर आलो. डबे प्लॅस्टिकचे, तेव्हा आतून काहीतरी लोखंडी हवं. भांड्यांच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणला. त्याला चुंबक चिकटलंच नाही. भांड्यांचं बरंचसं स्टील चुंबकाला धरत नाही, हे दुकानातच चुंबक लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. मग आतही मॅग्नेट शीटच लावली. पण त्या शीटवर उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे एकाआड एक असतात. दोन शीट समोरासमोर आल्या की पट्ट्याला पट्टा जुळेल तिथेच त्या बसतात. मी पाटी खिडक्यांच्या वर नेमकी ठेवायचो आणि ती टुणकन मिलिमीटरभर सरकून तिरकी बसायची. शेवटी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा आतून वरच्या भागात चिकटवला. पाटी सरळ बसली, पण वजन वर गेल्यामुळे वळणावर दोन डबे आडवे झाले.

इथवरचं नुकसान माझंच होतं. पुढचं नाही.

आमच्या छंदातले एक वडीलधारे आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात झाली. त्यांनी हाताने पत्रा कापून, डाग देऊन एक डबा केला होता. निळा रंग येण्यापूर्वीच्या काळातला, मरून. अंगच पत्र्याचं, म्हणजे चुंबक थेट चिकटणार. मी तो एका दिवसासाठी मागून आणला, कोयनेची पाटी लावली आणि ऐन मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून गावी गेलो. परतलो तीन आठवड्यांनी.

पाटी काढली तर तिच्याबरोबर रंगही आला. दोन ठिकाणी खालचा पत्रा उघडा पडला होता, उरलेला रंग चिकट झाला होता. मॅग्नेट शीट लवचीक राहावी म्हणून तिच्यात मऊपणा आणणारी द्रव्यं असू शकतात; ती उष्णतेत रंगात झिरपतात आणि रंग नरम पडतो. मोटारीवरच्या चुंबकी पाट्या वरचेवर काढून पुसाव्या लागतात, हे मी वाचलेलं होतं. वाचूनही ते या डब्याला लागू आहे असं मला वाटलं नाही.

याहून वाईट वागलो ते पुढे. बाजारातला मरून रंग आणून मी तो डाग झाकला. छटा लालसर निघाली, ब्रशच्या रेघा उठल्या. तसाच डबा परत दिला, ती बाजू भिंतीकडे वळवून. संध्याकाळी काकांचा फोन आला, "अरे, डब्याला काय झालं?" मी म्हणालो, "उन्हानं असेल, काका." ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ऊन पाटीच्या मापानं पडतं का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत असं मी म्हणणार नाही. चहा न विचारता त्यांनी डबा आणि पॉलिश पेपर माझ्यापुढे ठेवला. ठिगळ जुळणार नाही, अख्खी बाजू खरवड, म्हणाले. दोन दुपारी मी त्यांच्यासमोर बसून त्यांनीच लावलेला रंग उतरवला. मधेच ते म्हणाले, "आम्ही पाटी डब्याला चिकटवत नव्हतो, अडकवत होतो." खरंच, डब्याच्या अंगावर पाटीसाठी कंस असतात. पाटी त्यात सरकवतात, गाडी बदलली की काढतात. लहानपणापासून मी पाट्याच वाचत आलो होतो, कंसाकडे कधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भिंतीमागे तीन मिलिमीटरचे दोनच निओडायमियम चुंबक आहेत आणि पाटी पातळ पत्र्याची, वर छापील कागद, मागे वार्निश. चुंबक आत, लोखंड बाहेर. वजन नगण्य, वळणावर डबा उभा राहतो. खेळ संपला की पाट्या काढून डबीत ठेवतो. काकांच्या डब्याला त्यांनी तारेचे दोन बारीक कंस डाग देऊन जोडले.

रंगही त्यांनीच लावला, लालमध्ये थेंबथेंब काळा मिसळत. तरी ती बाजू दुसरीपेक्षा किंचित गडद उतरली. त्यांच्या घरी गाडी कोल्हापूरकडे निघते तेव्हा मी बसतो त्या बाजूने तीच दिसते.