हाताला मुंग्या, पण फक्त नळाच्या दिवशी

आज एका चुकीबद्दल लिहितो आहे. चूक माझीच आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. साठीच्या आसपासच्या एक मावशी ओपीडीत आल्या. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यातही साखर कधीच नीट आटोक्यात नव्हती. म्हणाल्या, "डाक्टर सायेब, हाताले मुंग्या येतात जी."

मधुमेह आणि मुंग्या म्हटलं की आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात एकच उत्तर तयार असतं: नसा कमजोर झाल्या. मी बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या, साखरेवर चार शब्द सुनावले आणि पुढचा पेशंट बोलावला. खरं तर मधुमेहात मुंग्या बहुधा आधी पायात सुरू होतात, आणि मावशींचे पाय ठणठणीत होते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

महिन्याने त्या परत आल्या. फरक शून्य. तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "मावशी, मुंग्या नेमक्या केव्हा येतात?"

"नळाच्या दिवशीच येतात जी. मशीनमधून कपडे काढताना."

"पायात चप्पल असते?"

"कायची चप्पल? सगळं ओलंच असते तिथं."

माझ्या अंगावर काटा आला. हा नसांचा आजार नव्हता. मावशींच्या शरीरातून वीज जात होती, आणि मी तिच्यावर महिनाभर व्हिटॅमिनच्या गोळ्या देत होतो.

मुंग्या आणि मृत्यू यांत अंतर किती?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. कोरड्या, जाड कातडीचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. तेव्हा शरीरातून जेमतेम दोन मिलिअँपिअर वीज जाते आणि झिणझिण्या जाणवतात. कातडी ओली झाली की हाच विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. तोच हात, तेच मशीन, पण आता वीज २३० मिलिअँपिअर.

दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडू लागतात. मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, म्हणून धरलेली वस्तू सुटत नाही. "विजेनं ओढून धरलं" असं आपण म्हणतो ते यामुळेच. त्याहून जास्त विजेने श्वास थांबतो, आणि पन्नास-शंभर मिलिअँपिअरला हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरू लागतं. अशा वेळी हातात फार थोडी मिनिटं असतात.

नोकरीच्या सुरुवातीला मी ग्रामीण रुग्णालयात होतो. पावसाळ्यातल्या एका सकाळी पंचविशीच्या आतली एक मुलगी आणली. कपडे वाळत घालायची लोखंडी तार टिनाच्या शेडला बांधलेली, आणि विजेची वायर त्या टिनावर घासून उघडी पडलेली. ओले कपडे तारेवर टाकले, एवढंच तिने केलं होतं. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या तळहातावर एक लहानशी पांढुरकी खूण होती, बाकी अंगावर काही नाही. ती खूण मी विसरलेलो नाही.

मावशींच्या घरी काय निघालं?

मशीन मागच्या पडवीत, बरोबर मेन बोर्डाच्या खाली. का? तर नळ तिथे, प्लगही तिथेच. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही. आला की ड्रम, बादल्या, कूलर आणि मशीन सगळं एकदम भरायचं. पाणी सांडतं, फरशी ओली होते. बोर्डाच्या तिसऱ्या, मोठ्या भोकात अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. मशीनच्या आतली झिरपलेली वीज पत्र्यावर येई आणि जमिनीकडे जायला मावशींची वाट धरी.

वायरमनने बोर्ड दुरुस्त केला, मशीन हलवलं. मावशींच्या मुंग्या त्याच दिवशी गेल्या, गोळीशिवाय.

संध्याकाळी घरी येऊन मी आमची गॅलरी पाहिली. आमचंही मशीन बोर्डाच्या खालीच! बायको म्हणाली, "बारा वर्षं इथंच आहे, काही झालं का?" मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. ते पडायला हवं होतं. पडलं नाही. त्यानंतर वाद झाला नाही.

मशीन बोर्डाखाली का नको?

काही झालं तर मेन स्विच बंद करायला ओल्या मशीनवरून वाकावं लागतं, तेही अनवाणी. पाण्याचा पाइप सुटला की फवारा थेट बोर्डावर. शिवाय मशीनचे हादरे भिंतीला लागत राहिले तर बोर्डातले जोड सैल होऊ शकतात, आणि सैल जोड तापतो. अमेरिकेच्या वीज नियमांत पॅनेलसमोर ३६ इंच जागा मोकळी ठेवावी लागते. आपणही तीन फुटांचा हिशोब धरू.

घरी एवढं तपासा:

- बोर्डासमोर मशीन, ड्रम, कपड्यांची टोपली नको. बोर्डावरून पाण्याचा पाइप नको.
- मशीनला तीन पिनांचा स्वतंत्र प्लग हवा. पाणी तापवणारं मशीन साधारण २००० वॅट घेतं, त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. एक्स्टेंशन बोर्ड नकोच.
- अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहा. न्यूट्रललाच अर्थिंग जोडायचा "जुगाड" कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल तुटला तर मशीनचा सगळा पत्रा जिवंत होतो.
- एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.
- कपडे वाळवायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी घ्या.

शॉक बसलाच तर

आधी माणसाला हात लावू नका. मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा, कारण मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या लाइनमध्ये वीज राहते. तुटलेली तार घराबाहेर असेल तर जवळ जाऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवा. माणूस शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध जोराने दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

शुद्ध हरपली होती, छातीत धडधडतंय, भाजलंय, लघवी काळपट होतेय किंवा बाई गरोदर आहे, तर "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नका. ईसीजी काढून घ्या. विजेची जखम बाहेर छोटी आणि आत मोठी असू शकते.

आता कोणी मुंग्यांची तक्रार घेऊन आलं की मी साखरेच्या रिपोर्टआधी विचारतो, "केव्हा येतात, आणि तेव्हा हात कशाला लागलेला असतो?" तुम्हालाही मशीन, फ्रिज, कूलर, गिझर यांपैकी कशाचाही बारीकसा चटका लागत असेल, तर ती वस्तू आजच बंद करा आणि आधी वायरमनला बोलवा. माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल.