खुनी ठाऊक असलेला आवाज

रहस्यकथा मोठ्याने वाचणाऱ्यापुढचा पेच मला फार ओढ लावतो. खुनी कोण, हे त्याला पहिल्या वाक्यापासून माहीत असतं आणि त्याच खुन्याचे संवाद त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असतात. आवाज जरा जड झाला की आपल्याला संशय येतो, मुद्दाम गोड केला तर जास्तच येतो. ह्यू फ्रेझर यांच्या आवाजात अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोकथा ऐकताना हा संयम किती अवघड आहे ते कळतं.

फ्रेझर यांची निवड मोठी चपखल आहे. १९८९ साली सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत डेव्हिड सूशे पॉयरो झाले आणि फ्रेझर त्याचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज. मूळ पुस्तकांतल्या कित्येक कादंबऱ्या हेस्टिंग्जच सांगतो. म्हणजे त्या ऐकताना पॉयरोच्या शेजारी उभा राहिलेला माणूसच आपल्याशी बोलत असतो!

अशा मित्राने सांगितलेल्या मालिका कानाला सर्वांत जास्त मानवतात, असं माझं ठाम मत झालंय. होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांपैकी जवळजवळ सगळ्या वॉटसन सांगतो. स्टीफन फ्राय यांनी त्या सगळ्या वाचल्यात. बंगाली रहस्यकथांमधले ब्योमकेशचा अजित, फेलूदाचा तोपशे हे त्याच घराण्यातले. (अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलूदा आपल्याकडेही घरचाच झालाय.) हे निवेदक सगळं पाहतात, प्रामाणिकपणे सांगतात, फक्त अर्थ त्यांना उशिरा लागतो. छापील पानावर ही लेखकाची युक्ती वाटते. रात्रीच्या प्रवासात दिवे मालवल्यावर कानाशी तोच आवाज आला, की युक्ती विसरायला होते आणि सोबत उरते.

काही कथांमध्ये तर आवाजच पुरावा असतो. १८९१ सालच्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ या होम्सकथेतला बेपत्ता नवरदेव कायम कुजबुजत बोलायचा, लहानपणी घसा बिघडला होता म्हणून. पत्रंही टाइप केलेली, सहीसुद्धा. वाचताना ते कुजबुजणं एक तपशील म्हणून डोळ्यांखालून निघून जातं. ऐकताना मात्र ते आपल्या मनात वाजत राहतं. पुढचं सांगत नाही. ज्यांनी ऐकली नसेल त्यांचा आनंद मला हिरावायचा नाही.

ऐकण्यात शेवटचं पान हळूच उघडून बघायची सोय जवळजवळ नाही, आणि हे मला वरदान वाटतं. ख्रिस्ती महत्त्वाचा दुवा चहाच्या गप्पांमध्ये, एखाद्या बडबड्या बाईच्या तक्रारीत टाकून पुढे जाते. वाचताना कंटाळून आपण नेमकी तीच ओळ गाळतो. वाचक-कलाकार ती गाळू शकत नाही, तिच्यावर जोरही देऊ शकत नाही. म्हणून मला दुसऱ्यांदा ऐकणं अधिक प्रिय आहे: उत्तर माहीत असतं, आणि निर्णायक वाक्य फ्रेझर किती सहज, बाकीच्या वाक्यांच्याच चालीने म्हणून गेले ते लक्षात येतं. तिथे मी थांबते, मागे जाते, पुन्हा ऐकते.

म्हणूनच पार्श्वसंगीत, दारांची करकर, पावलांचे आवाज घातलेली रहस्यकथा मला कमी आवडते. भयकथेला ते शोभतं. नारायण धारप ऐकताना वाऱ्याची एखादी शीळ मी आनंदाने सोसेन. पण कोड्याच्या कथेत संगीत चढलं की कुठे कान टवकारायचे ते दुसरंच कुणी ठरवतं, आणि संशय घ्यायचा माझा हक्क जातो.

कुणी सुरुवात कुठून करू असं विचारलं, तर मी ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ सुचवते: १९२० सालची, ख्रिस्तीची पहिली, हेस्टिंग्जने सांगितलेली. मग मधल्या हव्या तेवढ्या ऐकाव्यात, घाई नको. ‘कर्टन’ मात्र अगदी शेवटी. ती लिहिली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये, ख्रिस्तीच्या मृत्यूच्या काही महिने आधी. घर तेच, स्टाइल्स; सांगणारा पुन्हा हेस्टिंग्ज, आता विधुर आणि एका तरुण मुलीचा बाप. एवढी पुस्तकं त्याच्या तोंडून ऐकलेली असली, तरच त्याचं म्हातारपण आपल्याला लागतं.