गार्डाची पेटी आणि तणनाशकाचा पंप

दौंड स्टेशनावर गाडी बदलण्यासाठी तासन् तास बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला असेल. बसल्या बसल्या फलाटावरच्या लोखंडी पेट्याही पाहिल्या असतील. या पेट्या गार्डाच्या. आत हिरवे-लाल झेंडे, हातदिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचे सामान. वर पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरे असत : नाव, हुद्दा, मुख्यालय. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली आणि दौंड जंक्शन झाले. तेव्हापासून इथे नाना दिशांचे गार्ड उतरत-चढत आले. पण अंधाऱ्या रात्रीही हमाल नेमकी पेटी नेमक्या डब्यात चढवी, कारण अक्षरे दहा पावलांवरून वाचता येत. अलीकडे या पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा येत आहेत, आणि २०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. असो.

माझ्या पिशवीत त्या दिवशी तेवीस नावांची यादी होती. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने अवजार बँक काढली आहे. पाने-पक्कड, ठिबकचे जॉइनर आणि एंड कॅप, मोटारीचे फ्यूज-टेस्टर, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचे पंप असे सगळे सामाईक. सामान पत्र्याच्या पेट्यांत भरले, पण पेट्या सगळ्या एकसारख्या. एंड कॅप हवी तर सात पेट्या उघडायच्या. या पेट्यांना नावे करून आणण्याचे काम मी अंगावर घेतले. ते का घेतले, ते पुढे सांगतो.

दौंडहून पॅसेंजरने पाटस, कडेठाण करीत केडगावला उतरलो. हे गाव गुळाच्या बाजारासाठी आपल्याला ठाऊक आहे. पण छपाईशी संबंध असलेल्या माणसाने इथे मुक्ती मिशनची आठवण काढलीच पाहिजे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते इथल्याच छापखान्यात छापले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. खिळे जुळवण्याचे काम आश्रमातल्या मुली-बायका करीत. मराठी खिळ्यांची पेटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे काम किती किचकट ते समजेल. अक्षरे, काने, मात्रा, जोडाक्षरे यांचे खणच खण. जुळारी खणाकडे न पाहता खिळा उचलतो, कारण हाताला सवय असते. पण नवी मुलगी कामाला आली की तिला प्रत्येक खण दाखवावाच लागतो.

आपण शेतकरी त्या जुन्या जुळाऱ्यासारखे आहोत. 'मला ठाऊक आहे कशात काय आहे' हे वाक्य मी तीस वर्षांत शेकडो गोठ्यांत ऐकले. मालकाला ठाऊक असते, हे खरे. पण मालक बाजाराला गेलेला असतो आणि हत्यार काढायला येतो मुलगा, सून नाही तर गडी. घरातल्या बायका या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या. भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून आणतात. लग्नकार्यात शेजारी गेलेले पातेले त्या नावाने परत येते. त्याच घरातल्या पहारीवर, पान्यावर मात्र एक खूण नसते.

केडगावहून चौफुल्याला आलो. चौफुला म्हटले की काहींना लावणी आठवते. मला तिथे न्हावऱ्याकडे जाणारी जीप मिळते एवढाच माझा त्या गावाशी संबंध. पुढे पारगाव आणि भीमेचा पूल. दोन्ही काठांना ऊस. हा पूल ओलांडताना मला दर वेळी एक टोमॅटोचा प्लॉट आठवतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. याच भागात उसातल्या तणावर मी २,४-डी फवारून दाखवले होते. त्यासाठी वापरलेला पाठीवरचा पंप माझ्या ताब्यातला. मी त्यावर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पेनाने '२,४-डी' असे लिहिले. माझ्या मते काम चोख झाले. पाऊस-पाण्यात चिठ्ठी गेली. पुढे एका शेतकऱ्याने पंप मागितला आणि मीही न पाहता दिला. त्याच्या गड्याने पंप तीनदा धुतला, पाऊण एकर टोमॅटोवर किडीचे औषध मारले. हे तणनाशक पंपाच्या नळीत, वायसरात, नोझलात दडून राहते, आणि टोमॅटोला त्याचा अंशही पुरतो. थोड्याच दिवसांत शेंडे पिळवटले, पाने दोऱ्यासारखी बारीक झाली, फुले गळाली. मी बांधावर उभा राहिलो तेव्हा पाहताक्षणी समजलो. थोरल्या मुलीची कॉलेजची फी त्या पिकावर भरायची होती. वहिनींनी चहा दिला, एवढेच म्हणाल्या, "साहेब, चिठ्ठी होती म्हणता, पण आमच्या गड्याला वाचता येत नाही." मी जमेल ती भरपाई केली. ती फीपुरती झाली, पिकाइतकी नाही.

तेव्हापासून माझा नियम असा : तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा. तो धुऊन दुसऱ्या कामाला वापरू नये.

तर शिरूरला पोचलो. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. गाड्यांच्या नंबरपाट्या करणारी दुकाने, ज्यांना आपण 'रेडियमवाला' म्हणतो, ती आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. रेडियम धातूशी या मालाचा काही संबंध नाही. मागे गोंद असलेले प्लॅस्टिकचे रंगीत कापड असते ते. संगणकावर शब्द लिहिला की यंत्र पेनाऐवजी बारीक पात्याने तो कापते. कागदी लेबलापेक्षा हे शेतावर टिकते, कारण रंग वर छापलेला नसून अंगातच असतो. साध्या शाईच्या प्रिंटरचे लेबल पाण्याचा हात लागताच ओघळते. लेझर प्रिंटरचे ओघळत नाही. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारली तर गोठ्यात चांगले चालते.

मी यादी एका दुकानात दिली. तासाभराने अक्षरे मिळाली, पण शब्द चिकटवायला जावे तर 'ठिबक'चा ठि वेगळा, ब वेगळा, क वेगळा! शिरोरेषेला जिथे अक्षरे जुळतात तिथेही यंत्राने काप घेतले होते. एवढा मोठा बिघाड कशाने, ते त्या भल्या माणसालाही सांगता येईना.

म्हणून नगर रस्त्याने, रांजणगावच्या महागणपतीला बसमधूनच नमस्कार करून, शिक्रापूरला उतरलो आणि पाबळची गाडी धरली. पाबळात मस्तानीची कबर आहे हे आपण शाळेत वाचतो. तिथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत शिकलेला, मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला हा माणूस पाबळसारख्या कोरडवाहू गावी आला आणि मुलांना हाताने काम करून विज्ञान शिकवू लागला. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, सगळे. २००३ साली ते गेले. काम चालू आहे. २००२ साली इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांत तिची गणना होते.

तिथे वीस-एक वर्षांच्या मुलाने माझी अडचण दोन मिनिटांत सोडवली. संगणकात मराठी अक्षरे एकमेकांवर किंचित चढलेली असतात. कापायला देण्याआधी ती सांधून एक आकृती करावी लागते. तसे केले आणि 'ठिबक' अखंड पट्टीसारखा उचलून आला. इंग्रजी शब्दाची अक्षरे सुटी, ती पारदर्शक टेपवर धरून न्यावी लागतात. आपल्या शब्दाला शिरोरेषाच धरून ठेवते. टेप आम्हीही वापरली, पण काम निम्मे झाले. रंगाने लिहिण्यासाठी पत्र्यात अक्षरे कोरून छाप करायचा असेल तर मात्र उलट काळजी घ्यावी. ब, व, म यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तो धरून ठेवायला बारीक दुवा सोडावा लागतो.

पेट्यांवर चिकटवण्याचे काम सकाळी थंड वेळी केले. आधी गंज काचकागदाने घासला, साबणाने धुऊन पेटी वाळवली, थिनरच्या बोळ्याने पुसली. नाव झाकणावर न लावता समोरच्या अंगाला लावले, कारण पेट्या एकमेकींवर रचल्या की झाकणे दिसत नाहीत. शब्दाखाली आतल्या वस्तूचे चित्रही दिले.

राहिला तणनाशकाचा पंप. औषधाच्या बाटलीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. खालच्या अर्ध्या भागात लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तिथल्या लालशी घोटाळा नको म्हणून मी पांढरे चित्र केले होते, हरळीचा झुबका आणि त्यावर फुली. गटातल्या एका गड्याला विचारले, "काय समजलास?" तो म्हणाला, "ह्यो पंप गवतावर मारायचा न्हाई." नेमके उलटे! फुली तिथल्या तिथे खरवडून काढली. नुसता झुबका ठेवला. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, "गवताचा पंप."

मी पेटीत ठेवायला गेलो तर त्याने तो हातातून घेतला आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला खुंटीवर अडकवला. हरळीचे एक चित्र उरले होते, ते खुंटीखाली भिंतीला चिकटवले.