ताजमहालाच्या दारावरून

भोपाळला आम्ही यापूर्वी अनेकदा गेलो, ते शिक्षण खात्याच्या कामाने. काम आटोपले की रात्रीची गाडी गाठावयाची. थोरल्या बंधूंच्या वस्तीकडे फिरकावयाचे नाही, हा अकरा वर्षांचा परिपाठ. वडिलांच्या घराची वाटणी झाली, तेव्हा "परमुलखात राहणाऱ्याचा येथे हक्क कसला?" हे शब्द चारचौघांत आमच्याच तोंडून गेले होते.

या खेपेस दुपार मोकळी होती, म्हणून शाहजहानाबादेत गेलो. नवाब शाहजहान बेगम यांनी वसविलेला हा भाग. त्यांचा ताजमहाल नावाचा राजवाडा १८८४ च्या सुमारास पुरा झाला. फाळणीनंतर त्यात सिंधी निर्वासितांनी आसरा घेतला.

या वाड्याची हकीकत मात्र जिव्हारी लागली. सुलतानजहान ही बेगमसाहेबांची हयात असलेली एकुलती कन्या. १८७१ मध्ये त्यांनी सिद्दिक हसन खान यांच्याशी दुसरा विवाह केला आणि पुढे मायलेकींत अंतर पडत गेले. सुलतानजहानची थोरली मुलगी बिल्किस अकाली वारली. त्या मृत्यूचा दोष आजीने लेकीच्याच माथी मारला. तेरा वर्षे एका शहरात राहून दोघींत अबोला राहिला.

१९०१ मध्ये बेगमसाहेबांना तोंडाच्या कर्करोगाने ग्रासले. आपल्या हातून कोणास अन्याय झाला असल्यास क्षमा असावी, असे निवेदन त्यांनी प्रजेसाठी प्रसिद्ध केले. लेक अखेरच्या भेटीस आली. तिला मात्र क्षमा मिळाली नाही. त्याच जूनमध्ये बेगमसाहेब निवर्तल्या.

जवळच त्यांनी आरंभिलेली ताज-उल-मसाजिद उभी आहे. पैशाअभावी अपुरे राहिलेले तिचे काम १९७१ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १९८५ मध्ये पूर्ण झाले. दगडांचे अपुरे काम परक्या हातांनीही पुरे होते. मायलेकींचे अपुरे राहिलेले कोण पुरे करणार?

तिन्हीसांजा झाल्या होत्या. रिक्षावाल्यास स्टेशनाऐवजी बंधूंचा पत्ता सांगितला. दार वहिनींनी उघडले. ओसरीत दादा बसले होते, पुष्कळच थकलेले. वाटेत जुळविलेली वाक्ये सारी विसरलो. "दादा, माझं चुकलं," एवढेच शब्द फुटले.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग आत पाहून वहिनींना म्हणाले, "एक पान जास्त मांड."

क्षमा झाली की नाही, हे आम्ही विचारले नाही. रात्रीची गाडी मात्र चुकली.