प्रतिकूल कागद

उपदेश आज जितका सुलभ झाला आहे तितका तो पूर्वी क्वचितच असेल; सकाळच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली की माणूस कानांत इअरफोन घालतो, आणि तालुक्याचे ठिकाण येईतो सवयी, एकाग्रता, वेळेचे नियोजन यांवरचे एखादे पॉडकास्ट त्याचे ऐकून झालेले असते. हे श्रवण मीही आवडीने करतो. मंडळ अधिकारी म्हणून ज्याचा सारा दिवस फेरफार, हरकती, पंचनामे आणि जबाब यांच्या दप्तरात जातो, त्याला दूरच्या कोणा अनोळखी माणसाने आपल्या कामाविषयी इतक्या आत्मीयतेने बोलावे याचे अप्रूप वाटते; आणि कीर्तन-प्रवचनांवर वाढलेल्या आपल्या समाजाला श्रवणाची ही नवी रीत परकी वाटण्याचे कारणही नाही. परंतु अलीकडे मला असे प्रकर्षाने वाटू लागले आहे की, ऐकलेला उपदेश ज्या आयुष्यातून उचललेला असतो त्या आयुष्यापर्यंत मागे गेल्यावाचून तो आपल्या कामी येत नाही, आणि तेथवर जाण्यासाठी पुस्तकच उघडावे लागते.

बेंजामिन फ्रँकलिनचेच पाहा. सवयींवरच्या व्याख्यानांत त्याच्या तेरा सद्गुणांच्या कोष्टकाचा उल्लेख हटकून येतो: आठवड्याला एक सद्गुण विशेष लक्ष देण्यासाठी घ्यावा, रात्री दिवसाचा झाडा घ्यावा, चुकले असेल तेथे काळा ठिपका द्यावा, तेरा आठवड्यांचे एक आवर्तन, वर्षाला चार. ऐकताना हे सारे सुबक आणि सोपे वाटते. पण पॅरिसजवळच्या पासी येथे १७८४ साली, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटल्यावर त्याने लिहिलेला आत्मचरित्राचा भाग वाचावा, म्हणजे त्या कोष्टकामागचा माणूस भेटतो. त्याची पहिली वही कागदाची होती, आणि नव्या आवर्तनासाठी जुने ठिपके खरवडता खरवडता तिच्या पानांना भोके पडली. तेव्हा त्याने टिपणवहीच्या हस्तिदंती पानांवर तांबड्या शाईच्या रेघा आखल्या आणि ठिपके शिसपेन्सिलीने देऊ लागला, म्हणजे ते ओल्या स्पंजाने पुसता यावेत. मूळ यादी बारा गुणांचीच. तुझ्या बोलण्यात गर्व दिसतो असे एका क्वेकर मित्राने स्नेहाने सांगितल्यावर नम्रता हा तेरावा गुण तीत आला. आणि यादीतला तिसरा गुण जो सुव्यवस्था, तो त्याला पुरता कधीच साधला नाही! त्याची कारणेही तो प्रांजळपणे देतो. स्मरणशक्ती उत्तम असल्यामुळे वस्तू जागच्या जागी नसल्याची अडचण त्याला पूर्वी भासलीच नव्हती. आणि ज्याला कामाकाजानिमित्त लोकांना त्यांच्या सोयीने भेटावे लागते, त्याने आखीव वेळापत्रक पाळावे हे दुष्कर असते.

हे दुसरे कारण वाचून मला किती दिलासा मिळाला ते सांगता येत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून सात-बाराच्या दुरुस्तीसाठी आलेल्या बाईला, ही माझी एकाग्रतेची वेळ आहे असे सांगून दाराबाहेर बसवणे मला शक्य नाही, आणि शक्य असले तरी ते मी करणार नाही. वेळेच्या नियोजनाचे पुष्कळसे तंत्र ज्यांच्या दारी रयत येत नाही अशांनी सिद्ध केलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महर्षी कर्व्यांची गोष्टही अशीच. परीक्षेसाठी मुरुडहून घाटवाटा तुडवीत साताऱ्यास पायी गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला मुलगा चिकाटीवरच्या प्रत्येक भाषणात भेटतो. ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याला मात्र पुढची वर्षेही दिसतात: १८८१ साली, तेविसाव्या वर्षी मॅट्रिक, १८८४ साली बी.ए., आणि फर्ग्युसन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी एकदम १८९१ साली. भाषण ज्या वर्षांवरून एका वाक्यात पुढे जाते, ती वर्षे त्यांना शिकवण्या करीत, काटकसरीने, एकेक दिवस करून काढावी लागली.

माझ्या प्रत्यक्ष कामात ज्याने सर्वांत अधिक पालट केला तो नियम चार्ल्स डार्विनचा. मी तो प्रथम प्रवासातच ऐकला, आणि मग १८७६ साली त्याने मुख्यतः आपल्या मुलाबाळांसाठी लिहिलेल्या आत्मकथनात शोधून वाचला: आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती, निरीक्षण किंवा विचार समोर आला की तो तत्काळ टिपून ठेवावा, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात. तेव्हापासून प्रत्येक वादग्रस्त प्रकरणाच्या आत, अगदी वरती, मी एक कोरा कागद लावतो, आणि माझे मत ज्या बाजूला झुकत असेल तिच्या विरुद्ध जे जे सापडेल ते प्रथम त्यावर लिहितो.

एका वारस नोंदीत प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला आणि पंचांचे जबाब तीन मुलांवर एकमत होते, हरकतही कोणाची नव्हती, आणि प्रकरण निकाली काढण्यासारखेच होते. केवळ रहिवासाच्या पुराव्यासाठी जोडलेल्या जुन्या, घडीवर फाटलेल्या शिधापत्रिकेत मात्र चौथे नाव होते: मुलगी, वय नऊ. ते त्या कोऱ्या कागदावर गेले. विचारणा करताच थोरला भाऊ निरागसपणे म्हणाला, “साहेब, ती नांदायला गेली, सुखात हाय. तिचं नाव आता कशापायी?” १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी मुलाच्याच बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे, हे मी त्याला समजावले आणि तिला समजपत्र पाठवले. ती दोन गाड्या बदलून आली. हक्कसोड करायची का, असे भावांनी माझ्यासमोरच विचारले, तेव्हा तिने दिलेला जबाब मी जसाच्या तसा उतरून घेतला: “हिस्सा घ्यायचा का सोडायचा ते मी घरी जाऊन ठरवीन. पण सोडायला तरी आधी माझं नाव लागाय पायजे का न्हाई?”

सहा-क च्या, म्हणजे वारसांच्या, नोंदवहीत चौथे नाव लागले. आमच्या मंडळातला एक तरुण तलाठी, त्या कोऱ्या कागदाची रीत पाहून, हे कोणत्या पॉडकास्टात ऐकलेत म्हणून विचारू लागला. मी त्याला नाव सांगितले, आणि सोबत डार्विनचे पुस्तकही दिले, कारण तो नियम सांगणाऱ्या दोन-तीन वाक्यांमागे किती वर्षांची टिपणे होती हे त्याला ऐकून समजले नसते. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. काल त्याने पाठवलेल्या प्रकरणावर मात्र वरती कागद लावलेला होता, आणि त्यावर त्याच्या हाताच्या दोन ओळी होत्या, दोन्ही त्याच्याच शिफारशीच्या विरुद्ध.