उंची किती?

आमच्या कंपनीचा व्हेंटिलेटर सुरू केला की मशीन सुरुवातीलाच रुग्णाची उंची विचारतं. नव्या आयसीयूत ट्रेनिंग द्यायला गेले की मी या प्रश्नापाशी हमखास थांबते. बऱ्याच ठिकाणी सिस्टर किंवा आरएमओ तिथे आधीच दिसणारा आकडा, समजा १७०, तसाच ओके करून पुढे जातात. त्यांची घाई मला कळते. कंपनीत येण्याआधी मीही आयसीयूत ड्युट्या केल्या आहेत. पण फुफ्फुसं किती मोठी हे उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं वाढत नाहीत. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचं उंचीवरून काढलेलं हिशोबाचं वजन येतं ६६ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला साधारण ४०० मिलिलिटर हवा. खाटेवर मात्र १४५ सेंटिमीटरच्या आजी असतात. त्यांचं हिशोबाचं वजन ३९ किलोच्या आत, आणि श्वास सुमारे २३५ मिलिलिटरचा. तो १७०चा आकडा कुणी बदलला नाही तर आजींच्या फुफ्फुसात प्रत्येक श्वासाला दीडपटीहून जास्त हवा भरली जाते, तीही मिनिटाला वीस-बावीस वेळा, रात्रभर.

हे ६ मिलिलिटर कुठून आले, तेही मी सांगते. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजाराच्या, रुग्णांना किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास दिला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. त्यात नवं औषध नव्हतं, महागडं मशीन नव्हतं. श्वासाचं माप बरोबर हवं तर खरी उंची लागते, म्हणून माझ्या बॅगेत शिंप्याचा टेप असतो. रुग्ण सरळ झोपवता आला तर टाळूपासून टाचेपर्यंत मापायचं. पाय आखडलेले असतील तर हात बाजूला पसरून गळ्याखालच्या खळगीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापायचं आणि दुप्पट करायचं. मिनिटभराचं काम आहे.

माझ्या कार्डावर क्लिनिकल स्पेशालिस्ट असं लिहिलेलं आहे. कोटेशन, टेंडर, वाटाघाटी हे सेल्सचा सहकारी बघतो. मी डेमो देते, मशीन बसल्यावर शिकवते, अडलं की फोन उचलते. रुग्णावरचं सेटिंग डॉक्टर ठरवतात आणि सिस्टर लावतात. मी बाजूला उभी राहून सांगते, बटणाला हात लावत नाही. हा नियम मला मनापासून पटतो, कारण मी निघून गेल्यावर मशीन त्यांच्याच हातात राहणार असतं.

मास्कचं शिकवणं मात्र पुस्तकातून होत नाही. जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या एखाद्या आजी सीओपीडीने, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने, दमलेल्या असतात, कार्बन डायऑक्साइड चढलेला असतो, आणि घशात नळी घालायची वेळ येऊ नये म्हणून डॉक्टर मास्कवर घ्यायचं ठरवतात. घाईत मास्क चढवून पट्टे करकचून आवळले तर त्या आजी तो ओरबाडून काढणारच. आधीच श्वास पुरत नाही, त्यात तोंड बांधलेलं. मी सिस्टरना म्हणते, पट्टे तूर्त बाजूला ठेवा. दाब कमी ठेवून मास्क नुसता हाताने चेहऱ्याशी धरा. जमलं तर आजींनाच धरू द्या. "आजी, नको वाटलं तर हात वर करा, लगेच काढते." दोन-चार मिनिटांत छाती मशीनच्या लयीत येते, मग पट्टे, तेही खाली दोन बोटं सरकतील इतकेच सैल. थोडी हवा गळली तर गळू द्या, ती मशीन भरून काढतं; पण नाकाच्या हाडावर पडलेली जखम लवकर भरत नाही. शुद्ध चांगली असेल तर कवळी तोंडातच राहू द्या, नाहीतर गाल आत जातात आणि मास्क बसत नाही. चमकी मास्कच्या कडेखाली येत असेल तर काढावी लागते, पण ती परस्पर काढू नये. आजींना आणि बाहेर बसलेल्या सुनेला आधी विचारावं.

आणि मास्कला छिद्रं आहेत की नाहीत, हे दर वेळी बघायचं. एकाच नळीच्या मशीनला बहुतेक वेळा छिद्रांचा मास्क लागतो आणि दोन नळ्यांच्या मशीनला बिनछिद्रांचा. एका नळीवर बिनछिद्रांचा मास्क लावला आणि नळीतही हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर सोडलेलाच श्वास रुग्ण पुन्हा आत घेतो.

डेमोच्या वेळी डॉक्टर विचारतात, "मॅडम, नवजात बाळांना चालेल ना?" सेल्सचा सहकारी माझ्याकडे बघतो. त्या मॉडेलला नवजात बाळांची मान्यता नसेल तर मी नाही म्हणते, स्पष्ट आणि लगेच. टार्गेटचा ताण मला ठाऊक आहे, त्या सहकाऱ्याच्या घराचे हप्तेही ठाऊक आहेत. तरीही माझ्या होकारावर कुणी दोन किलोचं बाळ त्या मशीनला लावणार असेल, तर तिथे दुसरं उत्तर नसतं. अशा नकारानंतर ऑर्डर गेल्याचं मी पाहिलं आहे. त्याच डॉक्टरांनी पुढे मोठ्यांच्या आयसीयूसाठी आमच्याकडे विचारणा केल्याचंही पाहिलं आहे.

ट्रेनिंग बहुधा दुपारी ठेवलं जातं, कारण तेव्हा इनचार्ज सिस्टर, बायोमेडिकलचे इंजिनिअर आणि परचेसची माणसं हजर असतात. हजेरीच्या कागदावर सह्या होतात, फोटो निघतो. अलार्म मात्र रात्री तीनलाही वाजतो, आणि तेव्हा चार खाटांमागे एकटी असलेली सिस्टर दुपारच्या फोटोत नसते. म्हणून मी रात्रीची ड्युटी लागेपर्यंत थांबते. हँडओव्हर आटोपला की एक मशीन टेस्ट लंगला, म्हणजे चाचणीच्या नकली फुफ्फुसाला, जोडते आणि मुद्दाम नळी सुटी करते, कधी वाकवते. कुठला अलार्म कशाचा हे सिस्टरनी पडद्याकडे बघण्याआधी रुग्णाकडे बघून ओळखायचं. आवाज बंद करण्याचं बटण मी सगळ्यात शेवटी दाखवते.

कर्मचारी बदलतात. महिन्याभराने गेलं तर निम्मे चेहरे नवे असतात आणि स्क्रीनवर पुन्हा तोच १७०. व्हेंटिलेटर घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला माझी विनंती आहे, की परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या: महिन्याने दुसरं ट्रेनिंग, आणि तेही रात्रपाळीला. कंपन्या ते देतात, पण मागावं लागतं.