चेंडूला आग लागते तेव्हा

बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेत एकदाच आला. चेंडू नाकावर बसला आणि संबंध संपला. म्हणून लेकीकडे न्यू जर्सीला गेलो असताना नातू म्हणाला, "आजोबा, बास्केटबॉल खेळू या," तेव्हा मी आधी नाक धरलं. पण खेळायचं होतं टीव्हीवर. जावईबापू तिकडेच वाढलेले. त्यांच्या लहानपणीचा 'एनबीए जॅम' पोराने खोक्यातून शोधून काढला होता. हा खेळ १९९३ साली नाणं टाकायच्या यंत्रांवर आला आणि १९९४ मध्ये घरोघरच्या टीव्हीत शिरला.

यात एका बाजूला दोनच गडी. समोरच्याला खुशाल ढकलावं, शिट्टी वाजत नाही. फक्त बास्केटकडे उतरू लागलेला चेंडू अडवायचा नाही. उभा जन्म विरार लोकलमध्ये काढलेल्या माणसाला हे नियम शिकवावे लागत नाहीत.

बाकी शिकवणी नातवाने घेतली. "आजोबा, टर्बो सारखा दाबू नका, संपतो!" टर्बो म्हणजे पळायचा दम. तो राखून वापरा, हे आमचे डॉक्टरही सांगतात. उडी टोकाला पोचली की बटण सोडायचं. मी जमिनीवर परत आल्यावर सोडत असे. एकाच गड्याने ओळीने तीन बास्केट केले की चेंडूला आग लागते. मग समोरच्याने बास्केट करेपर्यंत टर्बो संपत नाही. माझा चेंडू काडी लावूनही पेटला नसता.

आणि पाचव्या दिवशी मी जिंकलो! दोन गुणांनी! लगेच पुण्याला मित्राला फोन केला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, हे त्यानेच सांगितलं. इतरही बरंच सांगितलं.

रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, हे यंत्र मागे पडलेल्याला गुपचूप मदत करतं." वर आणखी एक किस्सा. खेळ बनवणारा मार्क टर्मेल डेट्रॉइटचा भक्त. डेट्रॉइटविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शिकागोचे शेवटच्या क्षणीचे फटके हुकावेत, अशी सोय त्याने करून ठेवली होती आणि पुढे ती कबूलही केली. पंच फितूर झालेले ऐकले होते. इथे बास्केटच फितूर!

माझा घास घशातच अडला.

दुसऱ्या दिवशी नातवाने हळूच विचारलं, "आजोबा, मदत बंद करू? तसं बटण आहे." म्हणजे कार्ट्याला सगळं ठाऊक होतं. तेव्हाच लक्षात आलं, पाच दिवसांत त्याने मला एकदाही ढकललं नव्हतं.

"बंद कर," मी म्हटलं, "आणि मला ढकलायचं. लाजायचं नाही."

पहिल्याच मिनिटाला मी आडवा झालो. इतकं बरं पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.